भांगाचे पाच दिवस

गावात हल्ली मला पाठीमागे पोलीसबाई म्हणतात. समोर अजून नुसतं बाईच म्हणतात, तेवढी भीड उरली आहे. माझी काही हरकत नाही. एखाद्या पोराच्या पोटरीवर वळ दिसला की मी आधी फोन लावते आणि मग चहा पिते. पूर्वी मी आधी चहा प्यायचे, मग गावकीच्या पंचांकडे जायचे, तिथे पुन्हा चहा प्यायचे, आणि सगळं सामोपचाराने मिटलं म्हणून समाधानाने घरी यायचे. त्या समाधानाची किंमत एका साडेपाच वर्षांच्या पोरीने मोजली. तिच्याविषयी लिहायचं मी तीन वर्षं टाळत आले आहे.

मी मूळची किनाऱ्यावरची नव्हे. माझं माहेर आत, भातशेतीतलं. आमच्याकडे पाणी म्हणजे खाचरातलं, बांध घातला की गप्प बसणारं. नवऱ्याला इकडच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून या कोळीवाड्याला लागून घर केलं आणि पुढे इथल्याच अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. अठ्ठावीस वर्षं झाली. दोन पिढ्यांची नाकं पुसली आहेत मी. आज बोटीवर तांडेल म्हणून हुकूम सोडणारे बाप्ये माझ्यासमोर खिचडी सांडून रडलेले आहेत, आणि ते त्यांनाही आठवतं.

माझी मदतनीस मात्र इथलीच, कोळीण. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला वयनी म्हणते. तिला लिहायला फारसं येत नाही, पण गावातली कुठली बाई कुणावर का रुसली आहे हे तिला रुसणारीच्या आधी कळतं. हजेरीचा तक्ता मी भरायची आणि वाचायची ती.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्यावर एक मुलगी मधूनमधून गैरहजर राहायला लागली. आली की अंगभर फ्रॉक, वर स्वेटर, आणि उकाड्याने घामाघूम झालेली. मी दोनदा तिच्या आईला विचारलं. आई मासे विकायला पहाटेच बाजाराला जायची, ती घाईत म्हणायची, "ताप येतो तिला बाई, काय करू?" मी तक्त्यावर 'आजारी' असं लिहिलं. तिसऱ्या खेपेला मी चिडून वयनीला म्हटलं, "हा कसला ताप, दर पंधरा दिवसांनी पाहुण्यासारखा येतो?"

वयनीने तक्ता हातात घेतला. रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवत गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, यो ताप न्हाय. यो भांग हाय."

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. इथली मासेमारी डोलीची. डोल म्हणजे समुद्रात खांबांना बांधलेलं मोठं पिशवीसारखं जाळं. पाण्याला ओढ असली तरच ते फुगतं आणि त्यात मासळी शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ भरपूर, तेव्हा पुरुष समुद्रावर. अष्टमीच्या आसपास पाणी मरतं, त्याला भांग म्हणतात. भांगात होड्या किनाऱ्याला, जाळी अंगणात आणि पुरुष घरात. मुलीची प्रत्येक गैरहजेरी अष्टमीला चिकटलेली होती. बाप घरात असला की तिला ताप यायचा.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोरीत हातपाय धुवायला नेलं आणि स्वेटर काढला. जाळं विणायच्या दोरीचे वळ होते. काही जुने, काही ताजे. ती ओरडली नाही की रडली नाही. "बाई, पानी गार हाय," एवढंच म्हणाली. मी तिला पुसली, स्वेटर परत चढवला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

का मारायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. लोक कारणं देतात. दारू म्हणतात, कर्ज म्हणतात, त्याच्या बापानेही त्याला असंच मारलं म्हणतात. असेल. पण त्याच बापाचे दुसरे दोन मुलगे आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन जत्रेला जातात. मुलीचा हा बाप गावात सगळ्यांना आवडणारा होता. हळदीला बोलवा, ढोलकी घेऊन हजर. कुणाची होडी वाळूत रुतली की पहिला खांदा याचा. मला रस्त्यात भेटला की पाटी खाली ठेवून दोन पापलेटं काढून द्यायचा. मी ती घेतली आहेत, तळून खाल्ली आहेत, आणि चांगली लागली होती.

आमच्या गावात बाल संरक्षण समिती आहे, कागदावर प्रत्येक गावात असते. सरपंच अध्यक्ष, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, आशाताई, आणि सचिव मी. सचिव म्हणजे सतरंजी अंथरायची, इतिवृत्त लिहायचं आणि सतरंजी गुंडाळायची. मी तातडीची सभा बोलावली. सरपंच म्हणाले, विषय नाजूक आहे, गावकीला विचारल्याशिवाय नको. म्हणून गावकीचे पंचही आले. वय सत्तरीचं, माणूस सज्जन, शब्दाला पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोलिसांत गेलात तर तांडेल आत जाईल. तांडेल आत गेला तर होडी बसेल. त्या होडीवर चार घरांच्या चुली हायत. त्या घरांतबी पोरंच हायत ना, बाई?"

या वाक्याचं उत्तर मला आज ठाऊक आहे.  पण तेव्हा मी मान हलवली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पोलीस, पंचनामा, कोर्ट, गावाचे टोमणे, यातलं काहीच आता करायला नको होतं. गावातलं गावात मिटलं तर कुणाला नको असतं!

गावकीने आपल्या रीतीने न्याय केला. गावदेवीसमोर त्याला उभं केलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. त्याने ती घेतली आणि पाळली. त्या दिवसानंतर त्याने थेंबाला स्पर्श केला नाही, हे मी स्वतः सांगते. पुढच्या भांगात मुलगी कानाखाली चार बोटं उमटवून आली. शपथ दारूची होती. पोरीची कुणी घातलीच नव्हती.

मग आम्ही बायकांनी मनावर घेतलं. कल्पना वयनीची. अष्टमीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन, असे पाच दिवस मुलगी वयनीकडे राहणार, तिथेच जेवणार, तिथेच झोपणार. बाहेर सांगायचं की वयनीच्या म्हाताऱ्या सासूला सोबत हवी. आईला आतून सगळं ठाऊक, ती पोरीचे दोन फ्रॉक पिशवीत घालून मुकाट्याने आणून द्यायची. आशाताईने मलम दिलं. बाजाराला जाणाऱ्या बायका जाता जाता आमच्या खिडकीत डोकावून सांगायच्या, "बाई, होडी लागली गो." गुरुजींनी तिला शाळेत खेळायला बसवायचं कबूल केलं. पोलीस पाटलांनी संध्याकाळी त्या गल्लीतून एक फेरी मारायची. बापाला हे कळत नव्हतं असं नाही. तो अंगणात जाळं विणत बसायचा आणि पोरीला घेऊन चाललेल्या वयनीकडे बघून बघितलं नाही असं करायचा.

चार भांग असे गेले. अंगावर नवा वळ नाही. मुलीने स्वेटर काढला. तिला गाणी म्हणायचा शौक आहे हे मला तेव्हा कळलं. सूर नव्हता, पण आवाज असा की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या पळाव्यात. मी तिला चिडवायचे, "हळू गं, समुद्र उठून येईल." ती आणखी जोरात म्हणायची.

मला गर्व झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या बैठकीत मी उभी राहून हे सगळं सांगितलं, मुलीचं नाव न घेता. बाहेरगावच्या एका संस्थेचे लोक आले होते, त्यांनी लिहून घेतलं. समाजाचा सहभाग, स्थानिक शहाणपण, असे शब्द वापरले. टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत एका मॅडमनी विचारलं, "पण तक्रार का नोंदवली नाही?" मी त्यांना जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की मॅडम, तुम्ही शहरात राहता, गावात माणसं धरून चालावं लागतं. त्या ताट घेऊन पुढे सरकल्या आणि मला वाटलं मी जिंकले.

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, वादळाचा इशारा आला. सकाळी आकाशाला कळकट रंग होता आणि वारा अजिबात नव्हता. सरकारी माणसं बंदरावर भोंगा घेऊन ओरडत होती, समुद्रात गेलेल्या होड्यांना परत बोलावणं चाललं होतं. ऐन बोंबलाचे दिवस. किनाऱ्यावर दोऱ्यांवर हजारो बोंबील वाळत होते आणि पाऊस आला तर सगळे कुजणार होते. अख्खा गाव किनाऱ्याकडे पळाला. वयनीचेही बोंबील होते. ती म्हणाली, "जाऊ का, बाई?" मी म्हटलं, "जा, मी बघते इथलं."

अकरा वाजता वरून निरोप आला की अंगणवाडी बंद करा, प्रत्येक मूल पालकाच्या ताब्यात द्या, सही घ्या. मी एकटी. बावीस मुलं. चारचार जणांच्या रांगा करून घरोघरी निघाले. कुठे आजी, कुठे काकू, कुठे शेजारीण. आता वारा सुटला होता आणि पदर सावरता सावरता रजिस्टर हातातून निसटत होतं. सगळ्यात शेवटी ती उरली, कारण तिचं घर टोकाला.

दार उघडं होतं. आत तिचा बाप बसला होता.

इथे मला थांबावं लागतं. मी वेडी नव्हते, झोपेत नव्हते. मी त्याला पाहिलं. पण माझ्या मनात धोक्याची जागा ठरून गेली होती. धोका अष्टमीला असतो. कॅलेंडरवर मी त्या दिवसांभोवती लाल पेनाने गोल काढून ठेवत असे. आज पौर्णिमा तोंडावर होती, उधाण होतं. गोल नव्हता. तो शुद्धीत होता, त्याच्या तोंडाला वास नव्हता.  वादळाने होड्या उधाणातच घरी आणल्या, तेव्हा आजचा दिवस भांगाचाच झाला, एवढा साधा हिशेब इतकी वर्षं किनाऱ्यावर राहिलेल्या बाईला सुचला नाही.

"या बाई, चहा घेता?" तो म्हणाला.

"नको हो, घाई आहे. होडी लागली ना नीट?"

"होडी लागली. जाळी पान्यातच ऱ्हायली. काढायला येळ न्हाय दिला."

"जीव वाचला हे काय थोडं झालं?" मी म्हटलं आणि रजिस्टर पुढे केलं. त्याने सही केली. त्याचं अक्षर सुरेख होतं.

मुलगी माझा पदर सोडेना. दोन्ही मुठींत गच्च धरलेला. मला वाटलं वाऱ्याला घाबरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि हसून म्हटलं, "अगं, घाबरतेस काय वेडाबाई? बाबा आहेत ना घरात!"

ती आत गेली. मी वळून पाहिलं नाही. पाऊस सुरू झाला होता.

आईला ती चार वाजता सापडली, किनाऱ्यावरून बोंबलाची पाटी घेऊन आली तेव्हा. वारा एवढा होता की शेजाऱ्यांना काही ऐकू गेलं नाही, असं शेजारी म्हणाले. मी ते खरं मानते, कारण दुसरं मानलं तर गावात राहता येणार नाही. टेंपोत घालून तिला अलिबागला नेली. मी आणि वयनी मागे बसलो होतो, पोरीचं डोकं वयनीच्या मांडीवर. रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडापाशी टेंपो थांबला तेव्हा वयनीने विचारलं, "पोर घरी कुनी सोडली गो?"

"मी," मी म्हटलं.

 पुढचा अर्धा रस्ता वयनी पोरीच्या कपाळावरचं पावसाचं पाणी पुसत राहिली. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. डोक्याला मार होता. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, आणि पुढेही येणार नाही असं नंतर सांगितलं गेलं. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं. पंच आमच्या मागोमाग मोटरसायकलवरून भिजत आले होते. ते हळूच म्हणाले, "माळ्यावरनं पडली." आईने जमिनीकडे बघत मान हलवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मीही गप्प होते.  त्या वेळात माझ्या मनात चार चुली आल्या, नवऱ्याची बोलणी आली, तालुक्यातल्या टाळ्यासुद्धा आल्या. मग मी म्हटलं, "पडली नाही. बापाने मारलं. चार महिने मारतोय. आम्हाला ठाऊक आहे." पंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच घरात चोरी केली होती.

पोलीस आले, बाप आत गेला. होडी बसली, पंच म्हणाले होते तशीच. त्या चार घरांपैकी एक घर किहीमला बंगल्यांवर साफसफाई करायला लागलं, बाकीच्यांनी दुसऱ्या होड्यांवर काम धरलं. कुणाची चूल विझली नाही. पण गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या घरी मासळी यायची बंद झाली, हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. पोरांना मात्र अंगणवाडीत पाठवत राहिले, कारण दुसरी अंगणवाडी नव्हती. वयनी तेवढी बोलायची. कामापुरती.

दीड महिन्याने जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर मुलीला उभं केलं. तिला आजीकडे, आगरदांड्याच्या बाजूला ठेवायचं ठरत होतं, त्याआधी तिचं म्हणणं ऐकायचं होतं. ओळखीचं माणूस असलं तर ती बोलेल म्हणून मला बसू दिलं. खोली लहान, टेबलावर बिस्किटं आणि एक रबरी हत्ती ठेवलेला. समितीतल्या बाई वयस्कर आणि मऊ बोलणाऱ्या. त्या तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या, चांगल्या कानाच्या. घरात कोण कोण होतं, बाबा कशाने मारायचे, सगळं त्यांनी घाई न करता विचारलं. मुलगी बिस्किट खात उत्तरं देत होती. गाणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक, आवाज अगदी बारीक झाला होता.

शेवटी बाईंनी विचारलं, "बाळा, बाबा मारतात हे तू कुणाला सांगितलं होतंस का?"

तिने नवल वाटल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगायचा कशाला? सगल्यांना म्हायती व्हता."

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, सांगशील?"

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिने बिस्किट खाली ठेवलं आणि डाव्या हाताची बोटं उघडून अंगठ्याने मोजायला सुरुवात केली. पहिल्या बोटावर अंगठा टेकवून ती म्हणाली, "बाई," आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. अंक मोजताना चुकत तर नाही ना, हे बघायला ती वर्गात बघायची तशी बघत होती. मग वयनी. मग गुरुजी. मग आशाताई. चार बोटं संपली तेव्हा ती जरा थांबली आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं. पोलीस पाटील. देवळातले पंचआजोबा. बाजाराच्या मावश्या. आई.

समितीच्या बाई लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मी त्याखाली हजर म्हणून सही केली.